अगरबत्ती माझ्यासाठी होती

ये गो सायली, अशी जवळ बस. तो फोन आधी उलटा ठेव. घाटकोपरवरून मेट्रो आता थेट वेसाव्याला येते, तरी तुझं तोंड बघायचं तर मला नारळी पुनवेची वाट बघावी लागते. आणि त्या दिवशी तरी काय केलंस? आईकडे जेवलीस, नारळ सोडायला गेलीस, आणि माझ्या दारावरून सरळ निघून गेलीस. मी ओट्यावर बसले होते. तू बघितलंस. मावशीवर राग आहे ना, मग भांडायला यायचं. तोंड फिरवून जायचं हे आपल्या घरात कोणी शिकवलं नाही तुला.

तू समोर नाहीस हे मला कळतं. पण मला लिहिता येतं ते बोलल्यासारखंच. चौथीपर्यंतची शाळा, पुढचं सगळं आपलं आपण. तेव्हा सांभाळून घे.

तुझ्या कानावर दोन गोष्टी आल्यात. मावशीने वाचनालयात तमाशा केला, ही एक. मावशीमुळे तुझ्या आईला वाचनालयाच्या दारातून परत पाठवलं, ही दुसरी. कोणी तुला पहिली सांगितली असेल, कोणी दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. आता माझ्या तोंडून ऐक.

अगरबत्तीपासून सांगते.

अंधेरीचा आपला म्हावऱ्याचा, मासळीचा बाजार. त्याच्या मागच्या गल्लीत वाचनालय. नाव लिहीत नाही, नाव लिहिलं की म्हणतील बदनामी केली. दुपारी बाजार थंडावला की मी तिथे जायची. वरच्या मजल्यावर पुस्तकं, खाली पेपर. खालचं फुकट. कोणीही यावं, बसावं, वाचावं, असं दारावर लिहिलेलं होतं. मी नळावर हात घासून धुवायची, चप्पल बाहेर काढायची आणि आत जायची. बाकी कोणी चप्पल काढत नव्हतं, ते माझ्या नंतर ध्यानात आलं.

मी आत पाऊल टाकलं की शिपाई गणपत स्टुलावरून उठायचा आणि सरस्वतीच्या फोटोखाली अगरबत्ती लावायचा. मला वाटायचं, काय ही भक्ती. भर दुपारी पण देवीला विसरत नाहीत. मी उभ्या उभ्या हात जोडायची, डोळे मिटायची. आई, अक्षर दे, असं मनात म्हणायची. मग बसायची. कित्येक महिने.

एक दिवस गणपतला काडेपेटी मिळेना. ह्या खिशात बघ, त्या खिशात बघ. मी दारात आलेली, सवयीने हात जोडलेले. टेबलावर पुस्तकं देणाऱ्या बाई बसतात, त्या मान वर न करता म्हणाल्या, "अहो, ती आली. लावा लवकर."

परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दोन मुली होत्या. एक फिसकन हसली. दुसरीने तिला कोपर मारलं, म्हणाली, "गप ना, हात जोडलेत त्यांनी."

हसली तिच्यामुळे मला काही कळलं नसतं. पोरी हसतातच. जिने गप म्हटलं, तिच्यामुळे कळलं.

अगरबत्ती माझ्यासाठी होती. माझ्या वासासाठी. आणि मी तिला नमस्कार करत होते.

हात जोडलेलेच राहिले माझे. खाली घेतले तर त्यांना कळेल की मला कळलं. म्हणून नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ ठेवले. डोळे मिटले. गणपतला काडेपेटी मिळाली. धूर आला. मी नमस्कार पुरा केला, खुर्चीवर बसले आणि पेपर उघडला. अक्षरं दिसत होती, पण एक शब्द लागत नव्हता.

आता तू म्हणशील, तेव्हाच उठून का नाही आलीस? कशाला बसलीस तिथे?

ते सांगते. आपण म्हावरं रद्दीत बांधून द्यायचो. बांधता बांधता मी वाचायची. अर्धी बातमी माझ्या डोक्यात, अर्धी गिऱ्हाइकाच्या पिशवीत. तशीच एक कथा हातात आली. रविवारच्या पुरवणीतली. एक बाई घर सोडून निघते, बॅग घेऊन बस स्टॉपवर उभी राहते. बस येते. आणि पुढचं पान मी हातासरशी बांगड्यांना गुंडाळून देऊन टाकलेलं. रात्रभर जिवाला चैन नाही. दुसऱ्या दिवशी ती गिऱ्हाईक आली तर मी तिला म्हटलं, ताई, कालचा कागद ठेवलाय का? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की म्हावरं सडकं दिलं की काय मी. कचऱ्यात गेला म्हणाली. वर म्हणाली, मागच्या गल्लीत वाचनालय आहे, तिथे जुने पेपर ठेवतात.

तशी गेले मी. जुने पेपर तिथेही नव्हते, रद्दीत गेले होते. ती बाई माझ्या डोक्यात अजून त्या स्टॉपवरच उभी आहे. पण तिच्या निमित्ताने मला बसायला जागा मिळाली.

सायली, तुझं ऑफिस आहे, तुला हे कळायचं नाही. ह्या शहरात फुकट बसायला जागा नाही गो. हॉटेलात बसायचं तर चहा घ्या, चहा संपला की पोऱ्या फडकं घेऊन टेबल पुसायला येतो. बाग दुपारची बंद. मॉलमध्ये रखवालदार आधी पायांकडे बघतो. देवळात बसावं तर आमच्यासारखीला पायरीपाशीच थांबायला सांगतात, म्हावऱ्याची पाटी बाहेर ठेवली तरी. सगळ्या अंधेरीत ती एकच खोली, जिथे कोणी विचारत नव्हतं की काय घेणार. डोक्यावर पंखा. माठात पाणी. मागे संडास. तिथे रात्रपाळी करून आलेले रखवालदार पेपर तोंडावर घेऊन झोपायचे. म्हातारे एकमेकांशी कोड्यावरून भांडायचे. पार्सल पोचवणारे हेल्मेट मांडीवर ठेवून फोन चार्ज करायचे. एक गृहस्थ रोज फक्त मयतांचं पान वाचायचे आणि बरं वाटल्यासारखे उठून जायचे. मला ती खोली आवडायची. खरंच आवडायची. म्हणून मी अगरबत्ती गिळली.

गिळली आणि वर शहाणपण केलं. मसालेवाल्या भाईच्या दुकानात एक बरी साडी ठेवली, वेलची-लवंगेच्या पोत्यावर. बाजार झाला की सार्वजनिक नळावर साबणाने कोपरापर्यंत घासायची, भाईच्या दुकानामागे साडी बदलायची आणि मग वाचनालय. वेलचीचा वास घेऊन आत जायची. गणपत एकदा उठला, नाक वर केलं आणि परत बसला. त्या दिवशी मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. अगरबत्ती नाही लावली. मी जिंकले, असं वाटलं मला.

बघ कशाला जिंकणं म्हणत होते मी.

पुढे मी वरच्या मजल्यावरची पुस्तकं घ्यायला लागले. टेबलावरच्या बाई ‘ती’ वरून ‘ताई’ वर आल्या. अध्यक्ष आहेत, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, भले गृहस्थ, आवाज कधी चढवत नाहीत. त्यांना कौतुक वाटलं. वर्धापन दिनाला त्यांनी माझा सत्कार ठेवला. आणि निरोप काय पाठवला? ताईंना म्हणावं कोळी वेषात या, फोटो छान येईल.

ज्या लुगड्याला रोज अगरबत्ती, ते लुगडं त्या दिवशी स्टेजवर पाहिजे होतं. धुतलेलं, कडक, सोन्यासकट. मला कळलं नाही असं नाही. कळलं. पण शाल होती, नारळ होता, लोक टाळ्या वाजवत होते. तुझी आई पहिल्या रांगेत बसून रडत होती. बाहेर आल्यावर बाजारातल्या बायांना सांगत सुटली, माजी बाय तिकडे खुर्चीवर बसते, पंख्याखाली. तिला वाचता येत नाही, पण माझा अभिमान तिला माझ्यापेक्षा जास्त.

मग मला कमिटीत घेतलं. मी समोश्याची बशी पुढे सरकवायची आणि सगळ्याला बरोबर म्हणायची. इतकंच काम.

आता ह्या वर्षीचं. मे महिना. आपल्या बाजाराचं छप्पर काढलं, नवीन बांधायचंय म्हणून. आम्हाला रस्त्याच्या कडेला बसवलं. डोक्यावर फाटकी ताडपत्री, खाली तापलेलं डांबर. बर्फ टाकला की पाणी होऊन गटारात. आणि संडास नाही. बाईमाणसाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करायचं? पाणी प्यायचंच बंद केलं बायांनी. तुझी आई तशी बोलत नाही, पण तिला लघवीला जळजळ व्हायला लागली होती. मीच तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती खोली सगळ्यांची आहे. दारावर लिहिलंय.

ती आली. मग तिच्याबरोबर चारपाच जणी आल्या. हातपाय धुऊन, पाट्या बाहेर भिंतीला लावून. कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसायच्या. तुझी आई चित्रं बघायची. मग मला म्हणायची, ह्याच्या खाली काय लिवलंय? मी हळू आवाजात वाचून दाखवायची. कुठे पूर, कुठे निवडणूक, कुठल्या नटीचं लग्न. तिला नटीच्या लग्नापेक्षा पुरात गुरांचं काय झालं ते पाहिजे असायचं. वाचता वाचता तिचा डोळा लागायचा, मान माझ्या खांद्यावर. सायली, लहानपणी आम्ही एका गोधडीत झोपायचो, त्यानंतर ती अशी माझ्या खांद्यावर त्याच दिवसांत झोपली.

अगरबत्ती परत सुरू झाली. एक नाही, जुडगा. बायांना काय ठाऊक. त्या हात जोडायच्या. तुझी आई पण.

मी तिला सांगितलं नाही. इथेच मी पहिल्यांदा खाली पडले. आपल्या बहिणीला तिच्याच अपमानाला नमस्कार करताना बघितलं आणि पेपरचं पान उलटलं.

मग कमिटीची बैठक. सभासदांची तक्रार आली आहे म्हणाले. अध्यक्ष बोलले ते सगळं गोड. स्वच्छता, शिस्त, विद्यार्थ्यांचं हित. नियम असा करायचा की खालच्या खोलीत वाचता येणाऱ्यांनाच बसायला मिळेल, आणि उग्र वासाच्या कपड्यांत येणाऱ्यांना दारातून परत पाठवायचं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, हे तुमच्याबद्दल नाही बरं का. तुम्ही आमच्यातल्याच."

आमच्यातल्याच. ह्या एका शब्दासाठी मी वेलचीच्या पोत्यावर साडी ठेवली होती. तो मिळाला. आणि त्याच घासात माझी बहीण परकी झाली.

हात वर करा म्हणाले. सगळ्यांचे गेले. माझा पण गेला.

मला कोणी दटावलं नव्हतं. कोणी धरून वर केला नाही. मी गप्प बसले असते तरी नियम झालाच असता, माझ्या एका हाताने काही अडत नव्हतं. तरी केला. हात वर असताना मला साबणाचा वास आला माझ्याच काखेतून. अजून येतो. आंघोळीला बसले की येतो.

घरी येऊन मी कोणाला बोलले नाही. वाटलं, कागदावरचा नियम आहे, गणपत कुठे अडवणार. गणपत मालवणचा, संध्याकाळी घरी जाताना बांगडे माझ्याकडूनच घेतो. पण दुसऱ्याच दिवशी दारावरची जुनी पाटी गेली, नवी आली. मी साडी बदलून लवकर आत गेले होते. खरं सांगू? मुद्दाम लवकर गेले. तुझ्या आईबरोबर दारातून जायचं नव्हतं मला.

ती आली. मी आतून ऐकलं. गणपत काहीतरी पुटपुटत होता. तिला आधी समजेना. मग ती म्हणाली, तो आवाज माझ्या कानातून जात नाही, "आत माजी बहीण हाय. मोठी. तिला इचारा ना."

गणपतने दारातून आत बघितलं. टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या खोलीने बघितलं.

मी पेपर वर धरला. तोंडासमोर. पानभर जाहिरात होती, वेसाव्याला समुद्रासमोर बांधलेल्या टॉवरची. खिडकीत उभी राहून एक बाई समुद्र बघतेय. ती जाहिरात मी वाचत राहिले. खोल्या किती, पोहायला तलाव कुठे, सगळं. परत पहिल्यापासून वाचली.

तुझी आई दारातून दिसत होती मला, कागदाच्या कडेने. ती ओरडली नाही. तिने मला हाक पण मारली नाही, सायली. मारली असती तर कदाचित मी उठले असते, असं मी स्वतःला सांगते. तिने भिंतीला लावलेली आपली पाटी उचलली, चुंबळ नीट केली आणि गेली. बाकीच्या बाया तिच्या मागून.

संध्याकाळी मी रस्त्यावर माझ्या जागी आले. इतकी वर्षं आमचे दोघींचे पाट खेटून. तिच्या कोयत्याला धार नसली तर माझा घ्यायची, माझ्याकडे सुटे नसले तर तिच्या पिशवीत मी न विचारता हात घालायची. त्या दिवशी तिने पाट सरकवला होता. फार नाही. एक माणूस बसेल इतका. मी म्हटलं, चंद्रे, ऐक तरी. ती मांदेली साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "तू वाचीत व्हतीस ना? मग वाच."

त्यानंतर बोललेली नाही. आता त्या जागेत कोथिंबीर-लिंबू विकणारी बाई बसते. चांगली आहे बिचारी. आमच्या दोघींशी बोलते.

आणि मी काय केलं असेल? तरी वाचनालयात जात राहिले. महिनाभर तरी. लाज नाही वाटली का, विचार. वाटली. पण दुपारी पाय तिकडेच वळायचे. गणपतला मी एकदा विचारलं, कसं रे अडवलंस तिला? तो बांगडे पिशवीत भरता भरता म्हणाला, "माका सांगतत म्हणान करतंय, बाय. तू तर हात वर केलंस." बैठकीत चहा त्यानेच दिला होता. त्याने बघितलं होतं.

मग सेक्रेटरींचा फोन आला. वर्धापन दिन जवळ आलाय. यंदा कोळी नाच ठेवूया म्हणाले, लोकांना आवडेल. "तुमच्या बायकांना घेऊन या ना, ताई. लुगडी, दागिने. पाट्या पण आणा. रिकाम्या आणा हं."

रिकाम्या.

फोन ठेवल्यावर मी हसले. एकटीच, ओट्यावर. इतकी हसले की शेजारीण बघायला आली. मग हसू थांबलं. त्यांना आम्ही पाहिजे होतो. फक्त आमच्या पाटीत म्हावरं नको होतं, आमच्या अंगाला काम नको होतं. आणि मी तशीच होऊन त्यांच्यात बसले होते. रिकामी पाटी. सोन्यासकट.

दुसऱ्या दिवशी बाजार झाल्यावर मी भाईच्या दुकानात गेले नाही. हात धुतले. हात धुतल्याशिवाय मी कागदाला कधी शिवले नाही, ते शिवणार नाही. पण लुगडं तेच, बर्फाच्या पाण्याने भिजलेलं, खवले लागलेलं. पाटीत थोडी मांदेली राहिली होती, ओलं गोणपाट टाकलं. पाटी घेतली आणि आत गेले. चप्पल घालून.

मधल्या टेबलावर बसले, पंख्याखाली. पाटी खुर्चीखाली.

वास येतो, सायली. खोटं कशाला बोलू. म्हावऱ्याचा वास येतो. त्या खोलीत मलमाचा वास येतो, घामाचा येतो, हेल्मेटचा येतो, म्हाताऱ्यांच्या जायफळी तपकिरीचा येतो. जुन्या पुस्तकांत डांबराच्या गोळ्या टाकतात, त्याने माझे डोळे चुरचुरतात. त्यासाठी कोणी कधी अगरबत्ती लावली नाही.

गणपत उठला. माझ्याकडे बघत नव्हता. अगरबत्ती लावली. मी खुर्चीवरून उठले, फोटोपाशी गेले आणि पेटलेलं टोक चिमटीत धरून विझवलं. बोट भाजलं. म्हटलं, "देवीला लावायची असेल तर सकाळी उघडताना लाव. मी आले म्हणून लावू नको."

टेबलावरच्या बाईंनी अध्यक्षांना वरून बोलावलं. ते आले. ताई, बाहेर बोलू या का म्हणाले. मी म्हटलं, इथेच बोला, इथे सगळे वाचणारे आहेत. मग त्यांनी खोलीला ऐकू जाईल अशा, तरी गोड आवाजात विचारलं, "नियम एकमताने झालाय. तुम्हीच हात वर केला होता ना, ताई?"

ह्यालाच भीत होते मी. ह्याच एका वाक्याला. सगळी खोली माझ्याकडे बघत होती, त्या दिवशीसारखी. ह्या वेळी तोंडासमोर धरायला पेपर नव्हता.

मी म्हटलं, "केला होता. माझ्या सख्ख्या बहिणीवर केला होता. तुमचं बरोबर आहे. आज सगळ्यांसमोर खाली घेते. आता मला बाहेर काढायचं तर हाताला धरून काढा."

आणि बसले.

कोणी हाताला धरायला पुढे आलं नाही. धरलं असतं तर धरणाऱ्याला आंघोळ करावी लागली असती.

झालं. हा तो तमाशा.

शाल मी दुसऱ्या दिवशी टेबलावर नेऊन ठेवली. कमिटीतून मला काढलंय. नाच झाला नाही, त्यांनी त्याच्या जागी भाषण ठेवलं. नवी पाटी दारावर तशीच आहे. मी रोज दुपारी तिच्या खालून आत जाते, कामाच्या लुगड्यात, आणि मधल्या टेबलावर बसते. काही सभासद उठून दुसऱ्या टेबलावर जातात. जाऊ देत. पुनवेनंतर आपल्यातल्या दोघी परत यायला लागल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचते. शांतता पाळा म्हणून कोणी म्हटलं की मी म्हणते, नियम वाचता येणाऱ्यांचा आहे ना, मग ह्यांना वाचता येईपर्यंत आवाज होणारच. आता त्यांना अक्षरं पण लावून देते, मथळ्यांवरून. मोठी अक्षरं असतात.

अगरबत्ती बंद झाली. पण माझ्या खुर्चीच्या बरोबर वर त्यांनी भिंतीला ते यंत्र बसवलंय, आपोआप फुस्स करणारं. थोड्या थोड्या वेळाने सुगंध उडतो, माझ्या केसांवर बसतो. मी मान वर करून बघत नाही. वाचते.

हे सांगून मला तुझी माफी नको आहे. आईला समजाव असंही म्हणत नाही. तिने मला सोडलं ते बरोबर केलं. तिच्या जागी मी असते तर मी कोयता फेकून मारला असता. मी जी हात वर करून बसले, ती बाई माझ्यातून गेलेली नाही, रोज दुपारी ती माझ्याबरोबर खुर्चीवर बसायला बघते. तिला मी बसू देत नाही, एवढंच आहे. शेजारची खुर्ची मी चंद्रीसाठी धरून ठेवते. कोणी ओढली तर पाटी ठेवते तिच्यावर. ती येईल न येईल, तिची मर्जी. खुर्ची मी सोडणार नाही. ते दार बंद करतील तर दाराशी बसेन, मोठ्याने वाचेन. माझ्या पायात जोर आहे तोवर.

आणि तू. तुलाही एक सांगते, राग आला तर येऊ दे. तू आलीस की आईच्या पाटीपासून हातभर लांब उभी राहतेस. निघताना अंगावर तो फवारा मारतेस. ऑफिसच्या डब्यात सुकटीची चटणी नेत नाहीस, आईने दिली तर मेट्रोत बसायच्या आधी कोणाला तरी देऊन टाकतेस. मला ठाऊक आहे. मी पण वेलचीच्या पोत्यावर साडी ठेवलेली बाई आहे, मला लांबून वास येतो ह्याचा.

म्हणून ये. लवकर ये, दिवाळीची वाट बघू नकोस. सोमवारी ये, सोमवारी गिऱ्हाईक कमी असतं. आधी बाजारात आईच्या शेजारी बस, चार मांदेली साफ कर, तिच्याशी बोल. मग हात धू आणि कपडे न बदलता मागच्या गल्लीत ये. फवारा मारू नकोस. मी मधल्या टेबलावर असते. गणपत उठला तर उठू दे. चप्पल घालून आत ये.